पान सातवरचं ‘जमणं’

“पुन्हा वाच,” पेंटर म्हणाले. “ते मधलं. सावकाश.”

नामंजुरीचं पत्र दुपारपासून चौथ्यांदा वाचून दाखवताना सुनेला पहिल्यांदाच शंका आली, की सासऱ्यांना हे पत्र आवडलंय.

“‘अर्जदाराने सर्व अठरा प्रश्नांना जमते असे उत्तर दिले आहे,’” ती वाचू लागली. “‘तसेच अर्ज स्वहस्ते भरलेला असून हस्ताक्षर अत्यंत सुवाच्य, वळणदार व एकसारखे आहे. यावरून हाताच्या सूक्ष्म हालचालींवर अर्जदाराचे उत्तम नियंत्रण असल्याचे दिसून येते. सबब अपंगत्व भत्त्याचा अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.’”

“अत्यंत सुवाच्य,” पेंटर छताकडे बघत म्हणाले. “वळणदार. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पण एका दुकानदारानं असं लिहून दिलं नाही. शेवटी सरकारनं दिलं.”

“भत्ता तेवढा दिला नाही,” थोरला मुलगा, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला. दोघं पलीकडच्याच गल्लीत राहायचे.

“तू मीटर वाच,” पेंटर म्हणाले. थोरला घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचा, आणि बापाला त्याचं म्हणणं पटलं नाही की बाप त्याला मीटरकडे पाठवायचा. तो मुकाट्यानं खिडकीपाशी जाऊन बसला.

दोन वर्षांपूर्वी झटका आला आणि पेंटरांचं उजवं अंग गेलं. गेलं असं ते स्वतः कधी म्हणाले नाहीत. “एक हात आणि एक पाय रजेवर आहेत,” असं सांगायचे, आणि रजा संपायची वाट बघत असल्यासारखे वागायचे. सहा महिन्यांत डाव्या हातानं अक्षर वळवायला शिकले. म्हणून भत्त्याचा अर्ज घरी आला तेव्हा तो कोण भरणार हा प्रश्नच नव्हता. एकोणीस दिवस लागले. दिवसाला एक उत्तर, कधी तेही नाही. सासूबाई कागद दाबून धरायच्या, शाईच्या बाटलीचं झाकण उघडायच्या, घाम पुसायच्या. अठरा ठिकाणी ‘जमतं’, प्रत्येकाची शिरोरेषा सुतासारखी सरळ, आणि पहिल्या उत्तराला तर पाटीला देतात तशी मागून सावलीही दिलेली.

घरातल्या सगळ्यांनी तो अर्ज पाहिला होता. अक्षर कसं आहे हे सगळ्यांनी पाहिलं, काय लिहिलंय ते एकानंही वाचलं नाही. सून तर दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसायची. दिवसभर लोकांचे फॉर्म भरून घेणं हेच तिचं काम. तिनंही त्या पानाकडे बघून “किती सुंदर!” एवढंच म्हटलं आणि स्वतःच्या हातानं ते पाकीट टपालात टाकलं. पत्र आल्यापासून तिला हीच गोष्ट खात होती.

फेरविचाराचा अर्ज द्यायला महिनाभराची मुदत होती, ती उद्या संध्याकाळी संपत होती. पण सुनेचा जीव टांगणीला लागला होता तो दुसऱ्याच तारखेपायी. सासूबाईंच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन चौदा तारखेला ठरलं होतं. त्यानंतर तीन महिने त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलायची नव्हती, मग नवऱ्याला उचलायचं तर नावच नको. भत्ता मिळाला असता तर सकाळ-संध्याकाळ मदतीला बाई किंवा माणूस ठेवता आला असता. भत्ता नाही म्हणून सासूबाईंनी तारीख दोनदा पुढे ढकलली होती. इस्पितळानं या वेळी स्पष्ट सांगितलं होतं, की आज संध्याकाळी सहापर्यंत नक्की काय ते कळवा, नाहीतर नाव यादीच्या तळाला जाईल. आणि खांद्याचा डॉक्टर म्हणाला होता, की यादीच्या तळापासून वर येईपर्यंत हा खांदा थांबणार नाही.

“माझं काय एवढं,” सासूबाई म्हणायच्या. “मला जमतंय की.”

या घरात सगळ्यांना सगळंच जमायचं. सुनेच्या माहेरी “नाही बाई जमत” हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं आणि त्यानं कुणाचं काही बिघडायचं नाही. इथे आल्यावर तिच्या लक्षात आलं, की ‘जमतं’ याचा अर्थ काम होतंय असा नाही. ‘तू मध्ये पडू नकोस’ असा आहे. आठ वर्षांत तीही तेच म्हणायला लागली होती.

जिन्यात पावलं वाजली. एक पाऊल, मग दम, मग दुसरं पाऊल. “आक्का आली,” पेंटर म्हणाले आणि त्यांनी पत्र घाईनं मांडीखाली सरकवलं.

आक्का म्हणजे पेंटरांची थोरली बहीण. अभिलेख कार्यालयात चौतीस वर्षं फायली लावून निवृत्त झालेल्या. पिशवीत टाचण्या, रबर आणि टोक केलेल्या तीन पेन्सिली असल्याशिवाय त्या घराबाहेर पडायच्या नाहीत. त्यांनी आत येऊन आधी पाणी मागितलं, मग पत्र मागितलं.

“कुठलं पत्र?” पेंटर म्हणाले.

“ज्यावर बसलायस ते.”

पत्र वाचून झाल्यावर आक्कांनी चष्मा काढला. “पोरा, तुला ताकाला जायचंय आणि भांडं लपवायचंय. भत्ता कशाचा? अपंगत्वाचा. आणि तू अठरा वेळा त्यांना लिहून कळवलंस, की मी ठणठणीत आहे. वर अक्षराला सावली! अरे, सावली कशाला दिलीस?”

“पान मोकळं दिसत होतं.”

“कारकून माणूस बघत नसतो, रकाना बघतो. रकान्यात ‘जमते’ आलं की झालं त्याचं काम. मी चौतीस वर्षं तेच केलं.” आक्का सुनेकडे वळल्या. “अर्जाबरोबर एक पुस्तिका येते. ती कुठाय?”

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पातेल्याखालून पुस्तिका काढून घेऊन आल्या. मुखपृष्ठावर पातेल्याच्या बुडाचं काळं कडं उमटलं होतं.

“छान,” आक्का म्हणाल्या. “निदान कुणीतरी वापरली.”

इतक्यात ठिणगी आली. पेंटरांची धाकटी लेक. नाव बापानंच ठेवलेलं आणि ते तिनं आयुष्यभर सार्थ केलं. पोहायला शिकवायची, त्यामुळे केस कायम ओले आणि आवाज कायम तलावाच्या पलीकडच्या टोकाला पोचेल इतका. काय चाललंय ते तिला कळायला दोन मिनिटं लागली, आणि भडकायला तेवढीही नाही.

“म्हणजे आता माझ्या बाबांना काहीही करता येत नाही, असं अठरा वेळा लिहायचं? आणि त्यावर बाबांनी सही करायची?”

“करता येत नाही ते लिहायचं,” सून म्हणाली. “येतं ते नाही.”

“वहिनी, ते डाव्या हातानं लिहायला शिकले! कोण शिकतं या वयात? आणि तुम्ही सगळे मिळून खोटं लिहायला बसलात.”

“खोटं तर मागच्या वेळी लिहिलं,” आक्का म्हणाल्या. “तेही शाईनं.”

पेंटर लेकीकडे बघून हसले. आपल्या बाजूनं कुणीतरी आलं होतं. “बस गं माझ्याजवळ,” ते म्हणाले, आणि ठिणगी त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन पहारेकऱ्यासारखी बसली. थोरला खिडकीतून म्हणाला, “मला वाटतं दोघींचंही बरोबर आहे,” त्यावर दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे इतक्या तुच्छतेनं पाहिलं गेलं, की तो पुन्हा रस्त्याकडे बघू लागला.

सुनेनं फेरविचाराचा नवा अर्ज पुढे ओढला. या वेळी अक्षर तिचं असणार होतं, आणि ते दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या सहवासानं बिघडलेलं होतं. आक्कांनी ते पाहून समाधानानं मान डोलावली.

“प्रश्न तीन,” सून म्हणाली. “‘एका व्यक्तीपुरता साधा स्वयंपाक करता येतो का?’”

“जमतो,” पेंटर म्हणाले.

दारात उभ्या असलेल्या सासूबाईंना हसू आवरेना. “कधी जमला हो? लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली. एखादी तारीख तरी सांगा.”

“केला नाही म्हणजे जमत नाही, असं थोडंच आहे? मनात आणलं असतं तर...”

“मग हा झटक्याच्या आधीपासूनच अपंग होता,” आक्का म्हणाल्या. “तसं लिहू का?”

ठिणगीसुद्धा हसली, आणि हसल्याचा राग येऊन गप्प झाली. सून पुस्तिका चाळत होती. “इथे लिहिलंय, की सवय आहे की नाही ते विचारत नाहीत. शरीराला शक्य आहे का, ते विचारतात. बाबा, बटाटा सोलता येईल?”

पेंटर विचारात पडले. हा प्रश्न त्यांना पाटी रंगवायच्या कामासारखा वाटला असावा, कारण त्यांनी डावा हात उचलून हवेत सोलून पाहिला. “सोलता येईल. पण धरणार कोण? बटाटा पळतो.”

“बटाटा पळतो, असं लिहू?”

“अगदी तसंच लिही,” आक्का म्हणाल्या. “हजार अर्जांत ‘अडचण होते’ असं लिहिलेलं असतं. पळणारा बटाटा त्यांनी कधी पाहिला नसेल.”

मग सून वाचता वाचता थांबली. “पान सात,” ती म्हणाली. “ऐका हं. ‘जमणे या शब्दाचा अर्थ. एखादी कृती अर्जदाराला जमते असे तेव्हाच समजावे, जेव्हा ती तो स्वतः, इजा न होता, नीट, दिवसातून लागेल तितक्या वेळा आणि इतरांना लागतो त्याच्या दुपटीहून कमी वेळात करू शकतो. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल, तर जमत नाही असेच लिहावे.’”

घराण्याचा शब्द सरकारनं छापून आणला होता आणि त्याला पाच अटी घातल्या होत्या.

“या हिशेबानं जगात कुणालाच काही जमत नाही,” पेंटर म्हणाले. “आमच्या वडिलांचा पाय शिडीवरून पडून मोडला, तर त्याच पायावर पुन्हा चढून त्यांनी शेवटचं अक्षर पुरं केलं. दुकानदार म्हणाला, उतरा, तर म्हणाले, जमतंय. ते कुठल्या पानावर आहे?”

ही गोष्ट सुनेनं लग्न झाल्यापासून किमान वीस वेळा ऐकली होती. घरात कुणी ताप आला म्हणून झोपलं, तरी ती सांगितली जायची.

“मी होते तिथे,” आक्का म्हणाल्या. “रंगाचा डबा धरून खाली उभी होते. बारा वर्षांची. तू लहान होतास, तुला घरी नुसती गोष्ट सांगितली. त्या एका अक्षरापायी हाड वाकडं सांधलं आणि बाप जन्मभर लंगडला. आणि दुकान दोन वर्षांत बंद पडलं. पुढचा किस्सा कुणी सांगत नाही.”

पेंटर तोंड उघडून बहिणीकडे बघत राहिले. ठिणगीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“प्रश्न सहा,” सून हळूच म्हणाली. “‘कपडे घालणे व काढणे.’”

“ते जमतं,” पेंटर पटकन म्हणाले. “हे मात्र खरंच जमतं. रोज घालतो.”

“मग घालून दाखव,” आक्का म्हणाल्या.

“आक्का!” ठिणगी उठली. “आता परीक्षा घेणार?”

“घेऊ दे,” पेंटर म्हणाले. ‘पडलो तरी नाक वर’ म्हणतात, ते असं. “थोरल्या, मला आतपर्यंत सोड. घड्याळ लावा.”

थोरल्यानं त्यांना काठीच्या आधारानं आतल्या खोलीपर्यंत नेलं. सासूबाई नेहमीच्या सवयीनं मागोमाग निघाल्या, तर आक्कांनी त्यांचा पदर धरला. “तू बस.”

“अहो, नुसती उभी राहते.”

“बस म्हटलं ना.”

सासूबाई बसल्या. सुनेनं त्यांना बाहेरच्या खोलीत असं हातात काही काम नसताना बसलेलं फारसं पाहिलं नव्हतं. दार लागलं. आतून कपाटाचा आवाज आला. मग हँगर पडल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. थोरला घड्याळ बघत होता, आकडे वाचायची त्याला सवयच होती. “चार मिनिटं,” तो म्हणाला. “सात.” अकराव्या मिनिटाला काहीतरी लाकडावर आपटलं आणि सासूबाई अर्ध्या उठल्या.

“मी ठीक आहे!” आतून आवाज आला.

“विचारलं कुणी?” आक्का ओरडल्या.

एकोणिसाव्या मिनिटाला दार उघडलं. पेंटर दाराच्या चौकटीला टेकून उभे होते, चेहरा विजयी. अंगात थोरल्याचा जुना, बिनबटणांचा, डोक्यातून घालायचा बनियनसारखा टी-शर्ट होता. तो उलटा होता आणि पुढची बाजू मागे होती, त्यामुळे गळ्यापाशी कंपनीचं लेबल टायसारखं लटकत होतं.

“बटणं कुठायत?” आक्कांनी विचारलं.

“प्रश्नात ‘कपडे’ लिहिलंय. बटणं असं कुठंही लिहिलेलं नाही.”

आधी थोरला हसला. मग सगळेच हसले, सासूबाईंच्या तर डोळ्यांतून पाणी आलं. पेंटरही हसता हसता खाली बघून ते लेबल वाचायचा प्रयत्न करू लागले. त्या हसण्यात ठिणगी त्यांना खुर्चीकडे आणायला गेली आणि तिथेच थबकली. त्यांच्या कपाळावर, केसांच्या कडेला, सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं.

“बाबा, हे काय?”

“कपाटाचं दार. आपणहून आलं अंगावर.”

ठिणगीनं त्यांना बसवलं, वाटीत थंड पाणी आणलं, फडकं भिजवून कपाळावर धरलं. मग सुनेकडे न बघता म्हणाली, “वहिनी, लिहा. एकोणीस मिनिटं. उलटा. टेंगूळ.” पेंटरांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. त्यांचा शेवटचा माणूसही पलीकडे गेला होता.

सुनेनं लिहिलं. पुढचे प्रश्न भराभर झाले, कारण पेंटर आता काही बोलतच नव्हते. नुसते “हं” म्हणत होते. सुनेला ते बघवेना. भांडत होते तेच बरं होतं, तिच्या मनात आलं. अर्ज खरा होत चालला होता आणि खुर्चीतला माणूस लहान होत चालला होता. आपण याच्यासाठी हे करतोय की याच्याविरुद्ध, हे तिला क्षणभर कळेना.

“प्रश्न चौदा,” ती म्हणाली. “‘अंथरुणातून उठता येते का? मदत लागत असल्यास कोण, कशी मदत करते?’”

“उठतो माझा मी,” पेंटर पुटपुटले. “तेवढं तरी राहू द्या. ती असते शेजारी, पण उठतो मी. डाव्या हातानं पलंगाला जोर देतो आणि उठतो.”

सून सासूबाईंकडे वळली. हा सगळा दिवस त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. “आई, सकाळी नक्की काय करता तुम्ही?”

“मी कसली करते? हे म्हणतात तसंच. मी आपली आधाराला.”

“तसं नाही. उभ्या राहून दाखवा. कुठे उभ्या राहता?”

सासूबाई लाजल्या, उठल्या आणि पेंटरांच्या उजव्या बाजूला गेल्या. त्यांच्याकडे तोंड करून गुडघे वाकवले. उजवा खांदा त्यांच्या निर्जीव काखेखाली घातला. ते करताना त्यांचा चेहरा कसा आवळला गेला, ते सुनेनं पाहिलं, आणि त्यांनी तो लगेच कसा सैल केला, तेही.

“आई, पण हा तर तुमचा दुखरा खांदा.”

“हो.”

“मग दुसऱ्या बाजूनं का नाही उचलत? डाव्या खांद्यानं?”

सासूबाई सरळ झाल्या. सांगावं की नाही, असं त्यांच्या मनात चाललेलं दिसत होतं. त्या बोलल्या तेव्हा सुनेशी बोलल्या, नवऱ्याशी नाही.

“त्या बाजूला गेले, तर त्यांचा चांगला हात माझ्याखाली अडकतो. मग त्यांना पलंगाला जोर देता येत नाही. तो हात मोकळा असला, की ते जोर देतात आणि उठून उभे राहिल्यावर म्हणतात, ‘बघ, उठलो.’ तेवढं म्हणाले, की दिवस चांगला जातो.”

ठिणगीच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. आक्कांनी चष्मा काढला आणि पुसला, मग पुन्हा पुसला.

“दोन वर्षं?” पेंटर म्हणाले.

“कुठे मोजत बसलेय मी.”

“दोन वर्षं तू मला त्या खांद्यानं उचलतेयस, आणि मी तुला वर सांगतो, बघ उठलो?”

“छान वाटतं मला ऐकायला,” सासूबाई म्हणाल्या, आणि ते खरंच होतं. म्हणूनच पेंटरांना ते ऐकवेना. त्यांनी चांगल्या हातानं डोळे झाकून घेतले. दोन वर्षांत या माणसाला सुनेनं पहिल्यांदा रडताना पाहिलं. फार वेळ नाही रडले. नाक ओढलं, हात खाली घेतला आणि म्हणाले, “सूनबाई, लिही.”

“काय लिहू?”

“जे आहे ते. मला उठता येत नाही. मला दोन वर्षं उठवलं जातंय. न्हाणीघरात पाय घसरतो, तिथे स्टूल ठेवलंय, त्यावर हीच बसवते. जेवताना घास खाली पडतो, म्हणून मी पाहुण्यांबरोबर जेवत नाही, भूक नाही म्हणतो. तेही लिही. आणि तो अर्ज भरायला एकोणीस दिवस लागले आणि कागद हिनं धरला होता, हे पहिल्या पानावर लिही. सुवाच्य म्हणे!”

ते सांगत गेले आणि सून लिहीत गेली. रकाने अपुरे पडले तसे आक्कांनी पिशवीतून कोरे कागद काढले आणि टाचण्या लावल्या. गंमत अशी, की तो लहान होत चाललेला माणूस आता खुर्चीत पुन्हा मोठा दिसायला लागला होता. कामाला लागलेल्या माणसासारखा. मध्ये एकदा त्यांनी सुनेला थांबवून “शिरोरेषा नीट दे गं” असंही सांगितलं, आणि आक्कांनी “मुळीच देऊ नकोस” असं बजावलं.

अठरावा प्रश्न झाला तेव्हा साडेपाच वाजले होते. सही झाली. उद्या थोरला स्वतः कार्यालयात जाऊन अर्ज देणार आणि पोच घेणार, असं ठरलं. पोचेशिवाय परत आला तर घरात घेऊ नका, आक्का म्हणाल्या.

“आणि निकाल कधी?” ठिणगीनं विचारलं.

आक्कांनी बोटांवर मोजलं. “आठ आठवडे. कदाचित घरी बघायला माणूस पाठवतील. नाहीच म्हणाले तर वर अपील आहे, त्याला आणखी सहा महिने धर.”

चौदा तारखेला अडीच आठवडे होते. हे सगळ्यांना उमगलं, आणि सगळ्यांच्या आधी सासूबाईंना. त्या उठून फोनकडे निघाल्याही होत्या. “मग झालं तर,” त्या अगदी मोकळेपणानं म्हणाल्या. “कळवून टाकते, की नंतर बघू. भत्ता आला की बघू. तोवर मला...”

“ते बोलू नकोस,” पेंटर म्हणाले.

त्या थांबल्या.

“थोरल्या, इकडे ये. मीटर सोड आणि इकडे ये.” थोरला आला. पेंटर त्याच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत बोलू लागले. “तू पलीकडच्या गल्लीत राहतोस. मी तुला दोन वर्षं सकाळी येऊ दिलं नाही. पोरानं बापाला न्हाऊ घालावं, हे मला नको होतं. अजूनही नकोय. उद्यापासून सहाला येत जा.”

“पावणेसहाला येतो,” थोरला म्हणाला. एवढंच म्हणाला आणि तिथेच बाह्या वर सारू लागला. सुनेला आपल्या नवऱ्याचा हात धरावासा वाटला.

“संध्याकाळी मी,” ठिणगी म्हणाली. “रोज नाही येता आलं तर आधी सांगेन. सांगेन हं, नुसतं येते म्हणून न येणार नाही.”

“आणि मी बसून सगळ्यांना नावं ठेवीन,” आक्का म्हणाल्या.

थोरल्यानं आईला विचारून विचारून बापाला एकदा उठवून पाहिलं. पहिल्यांदा काखेत हात चुकला, दुसऱ्यांदा खुर्चीच सरकली, आणि पेंटर म्हणाले, की मीटर असा उपटतोस का रे? तिसऱ्यांदा जमून आलं. सासूबाई दोन पावलं मागे उभ्या होत्या. त्यांचे हात दोनदा पुढे झाले आणि दोनदा त्यांनी ते मागे घेतले.

सहाला दहा मिनिटं कमी असताना त्यांनी इस्पितळाला फोन लावला. नाव सांगितलं, नंबर सांगितला. “हो, चौदाला येतेय,” त्या म्हणाल्या. “नक्की. नाही, आता पुढे ढकलायचं नाही.” मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं, आणि त्यांनी फोनवर हात ठेवून खोलीकडे पाहिलं. “सोबत कोण राहणार, विचारतायत.”

ठिणगीनं तोंड उघडलं, सुनेनंही. पण पेंटर, अजून थोरल्याच्या खांद्याला धरून उभे, आधी बोलले.

“मी राहणार म्हणून सांग,” ते म्हणाले. “आणि मला आणायला दोघं लागतात, तेही सांग.”